खरूज रक्तात नव्हे, बोटांच्या बेचक्यात शोधा

होळी जवळ आली की गुजरातकडे ऊसतोडीला गेलेली कुटुंबे तापीकाठी परतू लागतात. महिनोन्‌महिने एका खोपीत, एका गोधडीत चार-पाच माणसे झोपलेली असतात. मजुरीच्या पैशाबरोबर कधी खरूजही घरी येते. मग प्रकाशाच्या बाजाराला आलेला बाप खाजवणाऱ्या पोराला दवाखान्यात नेतो आणि म्हणतो, "डॉक्टरसाहेब, रक्त खराब झालंय, एकदा तपासून टाका."

शेतकरी बंधूंनो, इथेच आपली चूक होते. खरूज रक्त बिघडल्याने होत नाही. डोळ्याला जेमतेम दिसेल न दिसेल असा किडा कातडीच्या वरच्या थरात बीळ करतो व तिथेच अंडी घालतो. तो रक्तात सापडणार कसा?

रक्तात दिसतात ती किड्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे. स्वीडन, स्वित्झर्लंडमध्ये डुकरांचे कळप खरूजमुक्त आहेत की नाहीत, हे पाहायला अशी तपासणी वापरली गेली. कळपासाठी ती कामाची, पण एका आजारी पोरासाठी नाही. प्रतिपिंडे उशिरा तयार होतात, किडा मेल्यावरही काही काळ रक्तात राहतात. शिवाय घरातल्या धुळीतला किडा खरजेच्या किड्याचा भाऊबंदच, त्यामुळे अहवाल फसवू शकतो. माणसाच्या खरजेसाठी भरवशाची रक्ततपासणी आजही नाही. मग त्यावर खिसा रिकामा का करायचा?

खरी तपासणी फुकट आहे. बोटांची बेचकी, मनगट, काख, कंबर, बेंबीभोवतीची जागा बघा. खाज रात्री वाढते का, घरात आणखी कोणी खाजवते का, ते विचारा. शंका राहिली तर डॉक्टर कातडी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

औषधही साधे आहे. पाच टक्के परमेथ्रिनचे मलम रात्री मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत लावायचे, सकाळी अंघोळ करायची, आठवड्याने पुन्हा तेच. तान्ह्या बाळाचे डॉक्टरांना विचारूनच. पण खाजवणाऱ्या एकट्यालाच लावले तर पैसे पाण्यात! पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणजे शेजारी झोपणारा आज ठणठणीत दिसला तरी किडा त्याच्या अंगावर असू शकतो. म्हणून सगळ्या घराने एकाच रात्री मलम लावावे. कपडे, गोधड्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. औषधानंतरही दोन-चार आठवडे खाज राहते, तेवढ्याने घाबरू नये.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि आश्रमशाळांचे मुख्याध्यापक यांना एक सांगणे आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या फिजी बेटांवरच्या अभ्यासात एका भागातल्या सर्व लोकांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या दिल्या. तिथे खरजेचे प्रमाण वर्षभरात ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या आत आले. रुग्ण ओळखले ते कातडी पाहून, रक्त काढून नव्हे. आपल्या वसतिगृहांत मुले शेजारी-शेजारी झोपतात. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलावून एकाच दिवशी सगळ्यांना औषध देणे आपल्याला का जमू नये? फक्त पंधरा किलोपेक्षा कमी वजनाचे मूल आणि गरोदर बाई यांना ही गोळी देत नाहीत, हे ध्यानात असू द्या.

आणि एक कळकळीची विनंती. शेळ्यांच्या खरजेसाठी आणलेले इंजेक्शन माणसाला टोचू किंवा पाजू नका. औषधाचे नाव तेच असले तरी मात्रा जनावराची असते. शेळीला जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या, पोराला माणसांच्या.

यंदा होळीला माणसे परतली की रक्त काढायच्या रांगेत उभे राहू नका. आधी पोरांचे हात उजेडात धरा.