१०५ नंबरच्या खोलीत ती नाही

हॉलिवूडच्या फ्रँकलिन ॲव्हेन्यूवरच्या लँडमार्क मोटर हॉटेलचं नाव पुढे हायलँड गार्डन्स झालं. ओळख मात्र जुनीच राहिली: रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन गेली ते हॉटेल. ४ ऑक्टोबर १९७० रोजी तिथल्या १०५ नंबरच्या खोलीत तिचा मृतदेह सापडला. वय अवघं २७. तेव्हापासून चाहते मुद्दाम तीच खोली मागून घेत आले. तिच्या जवळ जायचं तर इथंच, असं त्यांचं म्हणणं.

मला ते मुळातच मान्य नाही. आदल्या रात्री ती लॉबीत आली, सिगारेटसाठी सुटे पैसे घेतले, खोलीत परतली आणि कोसळली. सापडली तेव्हा उरलेले पैसे मुठीतच होते. ती मूठ डोळ्यांपुढे आली की जीव कासावीस होतो. पण हेरॉइनने गिळलेल्या कुठल्याही पोरीची मूठ अशीच असेल. त्यात गाणारी जॅनिस कुठे आहे?

दुसरा दावा याहून घातक. मरणानेच म्हणे तिला अमर केलं. गिटारवादक हेंड्रिक्स १६ दिवस आधी गेला, गायक मॉरिसन पुढच्या जुलैत, तिघंही २७ वर्षांचे, म्हणजे हे विधिलिखितच! साफ खोटं. १९६७च्या माँटेरी संगीत महोत्सवातच लोकांनी तिला डोक्यावर घेतलं होतं. ‘पर्ल’ हा अल्बम ती सनसेट साउंड स्टुडिओत मेहनतीने घडवत होती. १ ऑक्टोबरला, एकाही वाद्याची साथ न घेता, ‘मर्सिडीज बेंझ’ गायली. आणखी एका गाण्याची वाद्यं ध्वनिमुद्रित झाली होती, तिचा आवाज तेवढा बाकी होता. अल्बमवर ते तसंच आहे, बिनशब्दांचं. मरणाने काय केलं ते तिथे ऐकावं.

गेलेल्या गायिकेची आठवण कशी ठेवायची, हे खुद्द जॅनिसनेच दाखवलंय. ब्लूज गायिका बेसी स्मिथला ती फार मानायची. बेसी १९३७ साली मोटार अपघातानंतर मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलच्या इस्पितळात वारली. पुढे त्या इस्पितळाचंही हॉटेल झालं आणि लोक तिथेही बेसीची खोली बघायला जाऊ लागले. फिलाडेल्फियाजवळ तिच्या कबरीवर मात्र ३३ वर्षं साधा दगड नव्हता. बेसीच्या घरी लहानपणी काम केलेल्या एका बाईंच्या जोडीने जॅनिसने त्या दगडासाठी पैसे दिले. ऑगस्ट १९७०मध्ये तो बसला. नाव कोरलेला दगड, गाणारीला तिचं नाव परत.

यावर कुणी म्हणेल, जॅनिसची तर कबरही नाही, रक्षा पॅसिफिकवर विखुरली. मग आम्ही जायचं कुठे? सनसेट बुलेव्हार्डवर जा. हॉटेलपासून फार लांब नाही. ४ ऑक्टोबरला ती राहिलेल्या गाण्यात आवाज भरायला तिथे यायची होती. स्टुडिओत सगळे तिची वाट बघत होते.