सायकल आणि दुचाकी

निबंधाच्या वह्या तपासतांना माझ्या हातून एक चूक घडली, ती प्रथम कबूल करतों. आठव्या इयत्तेंतील एका मुलीनें लिहिलें होतें, “मी वज्रेश्वरीहून अकलोलीस सायकलनें येतें.” शुद्ध मराठीच्या अभिमानानें मी ‘सायकल’ या शब्दावर तांबडी रेघ ओढली व वर ‘दुचाकी’ असें लिहिलें. वही हातीं पडतांच तिनें नम्रपणें विचारलें, “सर, दुचाकीला तर परवाना लागतो ना?” मी निरुत्तर झालों.

तिचें म्हणणें रास्त होतें. दोन चाकांची ती दुचाकी म्हणावी, तर आपल्या भागांतील बैलगाडीहि दुचाकीच ठरेल. पण तिला तसें कोणी म्हणत नाहीं. आज वर्तमानपत्रांत ज्याला ‘दुचाकीस्वार’ म्हणतात, तो बहुधा मोटारसायकलीवर किंवा स्कूटरवर बसलेला असतो. पायांनीं चालवावयाची ती घरोघर सायकलच. व्युत्पत्ति शब्दाचें कूळ सांगते. त्याचा अर्थ मात्र बोलणारे लोक ठरवितात.

आतां कुळाविषयीं. जर्मनींतील कार्ल द्राइस यांनीं १८१७ सालीं, जमिनीला पायांनीं रेटा देऊन पळवावयाचें दोन चाकांचें यंत्र तयार केलें. पुढें त्याला पायडल आलें, आणि १८६० नंतरच्या दशकांत फ्रान्स व इंग्लंड या देशांत ‘बायसिकल’ हें नांव प्रचारांत आलें. यांतील ‘बाय’ लॅटिन, म्हणजे दोन. उरलेला भाग ग्रीक ‘किक्लॉस’ यावरून, म्हणजे चाक. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास असें मत मांडलें कीं, संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मूळापासून निघाल्या असाव्यात. पुढील पंडितांनीं तें सिद्ध केलें. त्यांच्या शोधाप्रमाणें लॅटिन ‘बि’ व संस्कृत ‘द्वि’ हीं भावंडें, तशींच ‘किक्लॉस’ व ‘चक्र’ हींहि भावंडें. चक्राचें प्राकृतांत ‘चक्क’ झालें व मराठींत ‘चाक’. म्हणजे ज्याला परका म्हणून मी खोडलें, तो शब्द दुचाकीचाच दूरचा आप्त निघाला!

शिवाय मराठीनें त्याला आपल्या घरांत नांदवून घेतलें आहे. त्याचा ‘बाय’ गळाला, त्याला स्त्रीलिंग मिळालें, ‘सायकली’, ‘सायकलीवरून’ अशीं रूपें चालूं लागलीं. माहेर दूरचें असलें तरी सासर आपलेंच. फटफटीला तर लोकांनीं नुसत्या आवाजावरून नांव दिलें. तेंहि किती चपखल!

परभाषेंतील शब्दांचा विनाकारण भरणा करूं नये, हें मला आजहि मान्य आहे. परंतु पाड्यावरच्या आजीच्या तोंडीं जो शब्द सहज बसला आहे, त्याला वहींतून हांकलून लावण्यांत भाषेची सेवा नाहीं. जें म्हणावयाचें तें नेमकें म्हणणें, हीच खरी शुद्धता. माझ्या दुरुस्तीनें तेरा वर्षांची मुलगी मोटारीच्या वाहनावर बसली होती!

पालकांसहि विनंति आहे कीं, मुलांच्या बोलीला गांवढळ म्हणून हिणवूं नये. मूल शब्द चुकेल या भीतीनें गप्प बसतें, तेव्हां अधिक हानि होते. त्या वहींतील माझी रेघ मी पुसली आहे, आणि कापलेला अर्धा गुण त्या मुलीस परत दिला आहे.