शिटी हातात आल्यावर

वाइसाले सेरेव्ही हे नाव आपल्या कबड्डी-खो-खोच्या वाचकांना कदाचित नवे असेल. सात-सातच्या रग्बीत त्याच्याइतका मोठा खेळाडू झालाच नाही, असे मानणारे लोक जगभर आहेत आणि त्यांच्याशी वाद घालणे अवघड आहे. फिजीने 1997 मध्ये आणि पुन्हा 2005 मध्ये हाँगकाँगला विश्वचषक जिंकला, त्या दोन्ही संघांचा कणा सेरेव्ही होता. दुसऱ्या वेळी त्याचे वय 36 होते. लगेचच्या 2005-06 च्या हंगामात खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत त्याने जागतिक मालिकाही जिंकून दिली आणि न्यूझीलंडची सलग सहा वर्षांची मक्तेदारी मोडली. 2024 मध्ये हाच सेरेव्ही भारताच्या राष्ट्रीय संघांचा प्रशिक्षक झाला.

अशी बातमी आली की आपल्याकडे ठरलेली प्रतिक्रिया उमटते: एवढा मोठा खेळाडू आला, आता पोरे शिकणारच. कबड्डीत अर्जुन पुरस्कारवाला आला की हेच, कुस्तीत हिंदकेसरी आला की हेच. या समजुतीवरच या अंकात थोडे बोलायचे आहे, कारण आपल्यापैकी निम्मे लोक एकेकाळचे खेळाडू आहेत आणि आज गळ्यात शिटी अडकवून उभे आहेत.

सेरेव्हीचीच पुढची वाट पाहा. ती सरळ नव्हती. फिजी संघाचे प्रशिक्षकपद हातातून गेले. तो अमेरिकेत सिएटलला गेला आणि मुलांना रग्बी शिकवण्याचे काम अगदी पायरीपासून सुरू केले. विश्वविजेत्याने दहा-बारा वर्षांच्या पोरांना चेंडू कसा धरायचा हे शिकवत बसावे, यात काहींना उतार दिसेल. माझ्या मते त्याच्या प्रशिक्षकी आयुष्यातला सर्वांत कसोटीचा भाग हाच असणार. ज्याला बगल देणे कधी शिकावेच लागले नाही, त्याला ती दुसऱ्याला शिकवताना पहिल्यांदा विचार करावा लागतो: आधी नजर कुठे होती, वजन कोणत्या पायावर होते, खांदा कधी वळला? चढाईला गेलेला आपला कसलेला खेळाडूही हे सांगू शकत नाही. विचारले तर म्हणतो, "बघ, असं करायचं," आणि पुन्हा करून दाखवतो. पोरगा बघतो आणि त्याला काही कळत नाही.

फिजीला रिओ ऑलिंपिकमध्ये 2016 साली देशाचे पहिले सुवर्ण मिळवून दिले ते बेन रायन या इंग्रज प्रशिक्षकाने. तो मुळात शिक्षकी पेशातला. खेळाडू म्हणून त्याचे नाव सेरेव्हीच्या पासंगालाही पुरणारे नव्हते. त्याने संघाला सिगाटोकाच्या वाळूच्या टेकड्यांवर पळवले, खाण्यापिण्याची शिस्त लावली, दमसास मोजला, आणि अंतिम सामन्यात फिजीने ग्रेट ब्रिटनला 43-7 असे चिरडले. खुशीत आलेल्या देशाने 7 डॉलरची नोट काढली आणि तिच्यावर रायनला जागा दिली. (आपल्याकडे प्रशिक्षकाचे नाव सत्काराच्या पत्रिकेत छापून आले तरी पुष्कळ.)

म्हणून खेळाडूने प्रशिक्षक होऊच नये का? तसेही नाही. रिओतल्या त्या संघाचा कर्णधार ओसेआ कोलिनिसाऊ 2024 मध्ये फिजीचा प्रशिक्षक झाला आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये संघाने रौप्यपदक मिळवले. पण तो रायनच्या हाताखाली तीन वर्षे राबला होता. सरावाची आखणी कशी होते, कुणाला कधी वगळायचे, वगळलेल्याशी काय बोलायचे, हे त्याने कर्णधार म्हणून शेजारी उभे राहून पाहिले असणार. खेळत असतानाच अर्धी उमेदवारी होऊन गेली होती. सगळा फरक इथेच पडतो, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. ती दुखण्याची. स्टीव्ह थॉम्पसन इंग्लंडच्या 2003 च्या विश्वविजेत्या संघात स्क्रमच्या, म्हणजे दोन्ही संघांच्या रेटारेटीच्या, मधोमध खेळायचा. 2020 मध्ये, वयाच्या 42 व्या वर्षी, त्याने जाहीर केले की त्याला स्मृतिभ्रंश झाला आहे आणि तो विश्वचषक जिंकल्याचे त्याला आठवत नाही. वर्षानुवर्षे डोक्याला बसलेल्या धक्क्यांचा हा परिणाम आहे, असे त्याचे म्हणणे आहे. त्याच्यासह अनेक माजी खेळाडू रग्बीच्या संघटनांविरुद्ध न्यायालयात गेले. रग्बीने या काळात नियम बदलले. हौशी पातळीवर डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी खेळाडू बाहेर, त्या दिवशी परत आत नाही, आणि किमान 21 दिवस सामना नाही. इंग्लंडमध्ये 2023 पासून क्लब आणि शाळांच्या सामन्यांत छातीच्या हाडाच्या खालीच पकड करायची असते.

आता आपल्या मैदानावर या. घोटा पकडताना चढाईपटूचा गुडघा पकडणाऱ्याच्या डोक्यावर आदळतो, साखळीत दोघांची डोकी एकमेकांवर आपटतात, पोरगा दोन सेकंद आकाशाकडे बघत पडतो. बाजूला उभा असलेला माजी खेळाडू काय म्हणतो? "ऊठ, ऊठ, काही नाही झालं." हे दुष्टपणाने येत नाही. त्याने स्वतः गुडघ्याला पट्टी बांधून, सुजलेल्या बोटांनी स्पर्धा काढलेल्या असतात आणि त्याच बळावर तो मोठा झालेला असतो. त्याचा सोशिकपणा हाच त्याचा अभिमान. खेळाडूला मोठे करणारा हा गुण प्रशिक्षकाच्या अंगी राहिला तर तो मुलांच्या जिवावर उठतो. प्रशिक्षणाच्या कोणत्याही पदविकेत चालींचा अभ्यास असतो, शरीरशास्त्र असते, पण स्वतःच्या सोशिकपणाचे काय करायचे हे कुणी शिकवत नाही. ते ज्याचे त्याला करावे लागते.

खेळाडूचा प्रशिक्षक होण्याची उदाहरणे आपल्या जवळही आहेत. मुंबईच्या रग्बीचा इतिहास लहान वर्तुळातला आहे. बॉम्बे जिमखान्याचे मैदान हे त्याचे केंद्र. तिथून नासेर हुसेन भारताचा कर्णधार झाला, पुढे राष्ट्रीय प्रशिक्षक झाला आणि मग महासंघाच्या कारभारात गेला. व्यावसायिक रग्बी असे काही आपल्याकडे नव्हतेच, त्यामुळे हा प्रवास नोकरी-धंदा सांभाळून करायचा प्रवास होता. त्याच मैदानावर 1999 च्या सुमारास मॅथ्यू स्पेसी याने समोरच्या फॅशन स्ट्रीटवरच्या मुलांना खेळायला आणले आणि त्यातून मॅजिक बस ही संस्था उभी राहिली. तिथे आधी खेळलेली मुले पुढे धाकट्यांना खेळवू लागली. शिकवणारा तयार होण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यात पदकाची अट नव्हती.

जून 2025 मध्ये अंधेरीच्या शहाजी राजे क्रीडा संकुलात पहिली रग्बी प्रीमियर लीग झाली. परदेशी खेळाडू आले, बेन गोलिंग्जसारखे आधी खेळाडू आणि मग प्रशिक्षक झालेले नामवंत आले, आणि त्या पंधरवड्यापुरते आपले खेळाडूही व्यावसायिक झाले. लीग वाईट नाही. पण त्या पंधरवड्यात किती भारतीय माजी खेळाडूंना या परदेशी प्रशिक्षकांच्या शेजारी वही घेऊन बसवले, हे विचारायला हवे. प्रो कबड्डीच्या संघमालकांनाही हाच प्रश्न आहे.

आणि कबड्डीवाल्यांना नाशिकच्या शैलजा जैन यांची आठवण करून द्यावीशी वाटते. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इराणच्या महिलांनी भारताला अंतिम सामन्यात 27-24 असे हरवले, तेव्हा इराणच्या बाकावर त्या होत्या. भारताने त्याआधी दोन्ही वेळा सुवर्ण घेतले होते. जैन यांचे नाव आपल्याकडच्या पोस्टरवर कधी झळकले नाही. त्यांनी वर्षानुवर्षे मुली घडवल्या होत्या, आणि इराणमध्ये गेल्यावर मुलींशी बोलता यावे म्हणून फारसी शिकून घेतली. हरल्याचे दुःख झाले ते ठीक. त्यांना आपल्या संघाबरोबर ठेवून घ्यावे असे आपल्याला का वाटले नाही, याचे उत्तर अजून कुणी दिलेले नाही.

उत्तनजवळच्या डोंगरीसारख्या गावात खेळाडूचा प्रशिक्षक कसा घडवायचा हा प्रश्न फार लवकर समोर येतो. उत्तन, डोंगरी, गोराई या पट्ट्यात दमाची, चिवट पोरे कमी नाहीत. समुद्राची वाळू आहे, चढ आहे, भातकापणी झाली की खेळायला शेते आहेत. पण गावातला चांगला खेळाडू तिशीला आला की पोलिसात, रेल्वेत किंवा बँकेत लागतो आणि मैदान सुटते. सुट्टीच्या दिवशी तो येतो, दोन चढाया करून दाखवतो, पोरे टाळ्या वाजवतात. त्याने येऊ नये असे नाही. पण शेवटचे दोन हंगाम तो खेळत असतानाच त्याच्या हाती कुमार गटाचा एक संघ दिला असता, त्याला पंचांचा अभ्यासक्रम करायला लावला असता, हरलेल्या पोराला घरी पोचवायला पाठवले असते, तर रविवारच्या पाहुण्याऐवजी गावाला प्रशिक्षक मिळाला असता.

जिल्हा संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनी पुढच्या कुमार राज्य अजिंक्यपदाला संघ पाठवताना निवृत्तीला आलेला एक खेळाडू सहायक म्हणून सोबत द्यावा. त्याला निवडीत मत नको, बाकावर जागा आणि रोज रात्री मुख्य प्रशिक्षकाबरोबर अर्धा तास पुरे. खर्च एका तिकिटाचा आणि दोन वेळच्या जेवणाचा. तेवढे संघटनेच्या तिजोरीत नसेल तर व्यवस्थापकांबरोबर जाणाऱ्या मानकऱ्यांपैकी एक जण घरी राहू शकतो.