ट्रामचा उपद्रव आणि दप्तराचे सातत्य

संगणकाच्या आज्ञावल्या लिहून उदरनिर्वाह करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ज्या कामाची सर्वांत अधिक धास्ती वाटते, ते नवे काही निर्माण करण्याचे नव्हे, तर जुन्या प्रणालीत साठलेली माहिती नव्या प्रणालीत सुखरूप नेऊन ठेवण्याचे होय. आमच्या बोलीत याला मायग्रेशन म्हणतात. ते बहुधा शनिवारच्या मध्यरात्री, गिऱ्हाईक झोपेत असताना उरकले जाते. रविवारी जुन्या सर्व्हरचा गाशा गुंडाळला जातो, आणि सोमवारी सकाळी वरिष्ठांच्या मेलमध्ये आपण लाइव्ह गेल्याची वार्ता अभिनंदनासह झळकते. एका रात्रीत जुन्याचा निकाल लावण्याची ही घाई आमच्या व्यवसायात इतकी शिष्टसंमत झाली आहे, की तिच्याविषयी कोणी शंका काढली तर तो मनुष्य प्रगतीचा वैरी तरी ठरतो किंवा आळशी तरी. मला ती शंका येते. आणि अलिबागेस राहत असल्यामुळे ती येण्याचे निमित्तही हाताशी आहे. ते निमित्त म्हणजे येथील समुद्रकिनाऱ्याजवळची चुंबकीय वेधशाळा.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची स्थापना कंपनी सरकारच्या अमदानीत, १८२६ साली झाली, आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित मोजणी तेथे १८४१ पासून सुरू झाली. हे चुंबकत्व स्थिर नसते; दिवसाच्या प्रहरांबरोबर, ऋतूंबरोबर आणि सूर्याच्या लहरीबरोबर ते सूक्ष्म प्रमाणात हलत राहते, आणि ही हालचाल वर्षानुवर्षे, एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने टिपली गेली तरच तिच्यातून काही निष्पन्न होते. अशी सुमारे साठ वर्षांची अखंड नोंद जमा झालेली असताना, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे घाटू लागले. ट्रामला लागणारी वीज वरच्या तारेतून येते आणि रुळांवाटे परतते. परंतु रूळ तिला पुरती बंदिस्त ठेवू शकत नाहीत, तिचा काही अंश जमिनीत पसरतो, आणि मग त्या भटक्या प्रवाहाचे स्वतःचे चुंबकत्व वेधशाळेतल्या संवेदनशील यंत्रांपर्यंत पोहोचून पृथ्वीच्या चुंबकत्वात बेमालूम मिसळून जाते. तात्पर्य, ट्राम धावू लागल्यावर कुलाब्याच्या नोंदवहीत पृथ्वी किती आणि ट्राम किती याचा निवाडा करणे दुरापास्त झाले असते.

वेधशाळेचे तत्कालीन संचालक डॉ. नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस हे त्या पदावर आलेले पहिले हिंदी गृहस्थ. शहराची प्रगती अडवणे त्यांच्या हाती नव्हते. म्हणून ट्राम येण्याची वाट न पाहता नवी जागा शोधली गेली, आणि मुंबईच्या कुलाब्याहून यंत्रशाळा निघाली ती कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्याच्या ठाण्याला, म्हणजे सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेस अलिबागेस, येऊन स्थिरावली. इमारतीसाठी चुंबकीय गुणांपासून मुक्त असा पोरबंदरी दगड निवडून घेण्यात आला; जेथे अन्यत्र सहज लोखंड वापरले गेले असते तेथे तांबे, पितळ आदी धातू योजले गेले. आत अंधाऱ्या खोलीत टांगलेल्या चुंबकाला चिकटवलेला एक इवलासा आरसा, त्याच्यावरून परावर्तित होऊन येणारा प्रकाशाचा ठिपका, आणि घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या पिंपावर गुंडाळलेला छायाचित्रणाचा कागद: चुंबक केसभर हलला की ठिपका सरकावा आणि कागदावर रेषा वाकावी, अशी ती योजना. आमच्या लॉगिंग म्हणवणाऱ्या व्यवहाराचे इतके निर्मळ रूप मला दुसरीकडे कोठे आढळलेले नाही.

परंतु माझ्या कौतुकाचा विषय हे यंत्र नव्हे. त्यानंतर जे झाले ते आहे. अलिबागच्या नोंदी १९०४ साली सुरू झाल्या, आणि तरीही कुलाब्याच्या बंद झाल्या नाहीत. दोन वर्षे, १९०६ पर्यंत, दोन्ही ठिकाणची यंत्रे एकाच वेळी तीच पृथ्वी मोजत राहिली. जागा बदलली की मोजमापाचा आकडा बदलणार हे उघड होते. प्रश्न होता तो किती बदलतो, आणि उन्हाळ्यात, पावसाळ्यात, शांत दिवशी व वादळी दिवशी तो फरक कायम राहतो की नाही याचा. त्याचे उत्तर तर्काने काढणे मूस यांना मान्य नव्हते. दोन वहीखात्यांची तारीखवार रुजवात घेऊनच ते काढायचे होते. ते मिळाल्यावर मगच कुलाब्याची चुंबकीय मोजणी थांबली. विजेची ट्राम मुंबईच्या रस्त्यावर धावली ती ७ मे १९०७ रोजी, म्हणजे सारी निरवानिरव झाल्यानंतर. त्यामुळे कुलाबा आणि अलिबाग मिळून एकच सलग मालिका आज उपलब्ध आहे, आणि तिच्या लांबीची बरोबरी करणाऱ्या मालिका जगात मोजक्याच आहेत. अमुक एकजण अलिबागहून आला आहे काय असे मुंबईत अजाणपणाची थट्टा म्हणून विचारण्याची जी रीत आहे, तिच्यावर तोडगा म्हणून ही हकीकत पाठ करून ठेवायला आम्हा अलिबागकरांना हरकत नाही.

या सातत्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. १८५९ च्या सप्टेंबरच्या प्रारंभी सूर्यावर प्रचंड उद्रेक होऊन पृथ्वीवर असे चुंबकीय वादळ आले, की युरोप-अमेरिकेतल्या तारायंत्रांचे व्यवहार बिघडले. त्या वेळी कुलाब्यातले निरीक्षक डोळ्यांनी काटे वाचून आकडे टिपत होते, आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाचा क्षैतिज घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद त्यांच्या वहीत उतरली. ती तशीच पडून राहिली. पुढे २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष सिंग लाखिना प्रभृती संशोधकांनी तिच्या आधारे त्या वादळाच्या तीव्रतेचा अदमास बांधला. आणि उपग्रह व वीजवाहिन्यांची जाळी यांना सूर्यापासून किती वाईट प्रसंगाची अपेक्षा ठेवावी लागेल, या अगदी आजच्या चिंतेत १४४ वर्षांपूर्वीची वही साक्षीला उभी राहिली. लिहिणाऱ्यांना आपल्या आकड्यांचा उपयोग कोणाला होईल हे ठाऊक नव्हते. ठाऊक नसूनही त्यांनी ते वाचता येतील असे लिहिले.

याच्याशेजारी आमचे साहित्य मांडून पाहावे. ऑर्कुट नावाच्या संकेतस्थळावर एका पिढीतल्या लक्षावधी भारतीय तरुणांनी मैत्री, भांडणे आणि प्रेमाचे प्रारंभ लिहून ठेवले होते. ते २००४ साली उघडले आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. त्याविषयी मी फार हळहळत नाही, कारण तरुणपणी लिहिलेले बरेचसे नष्ट होणे हेच समाजाच्या हिताचे असते. मला हळहळ वाटते ती त्याहून सामान्य गोष्टीची. युनिकोड सार्वत्रिक होण्यापूर्वी छापखान्यांत आणि कचेऱ्यांत श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींच्या फॉन्टांत टंकलेला मराठी मजकूर आज एखाद्या साध्या संगणकावर उघडून पाहावा: देवनागरीच्या जागी रोमन अक्षरे, मधूनच टक्केवारीचे चिन्ह, कंसांची टोके आणि जेथे जोडाक्षर असावे तेथे एखादी उभी रेघ, असा जो कालवा दिसतो, तो मूळ फॉन्ट किंवा त्याचे परिवर्तक हाती असल्यावाचून उकलत नाही. पेशवाईतले मोडी दप्तर वाचणारे जाणकार आजही मिळतात. पंचवीस वर्षांपूर्वीची फाइल वाचण्यासाठी मात्र कोणत्या कंपनीचा कोणता फॉन्ट होता हे प्रथम कोणाच्या तरी स्मरणात असावे लागते.

यावर आमच्या व्यवसायातले लोक बॅकअपचा हवाला देतात. माहितीच्या प्रती ठिकठिकाणी ठेवलेल्या असतात, एक गेली तर दुसरी आहे, असे त्यांचे म्हणणे. हे समाधान किती फसवे आहे याचा दाखला याच रायगडच्या किनाऱ्यावर, उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मिळालेला आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या वाटेने जगभर पसरला, मर्स्क या जहाजकंपनीचे संगणक त्याने निकामी केले, आणि त्याच समूहाकडून या बंदरात, म्हणजे न्हावाशेव्यास, चालवली जाणारी कंटेनर-गोदी ठप्प झाली. कंटेनर होते, क्रेन होत्या, माणसे होती; परंतु कोणता कंटेनर कोणाचा हे सांगणारी यंत्रणाच मूक झाल्यावर त्या अजस्र लोखंडी पेट्यांचा डोंगर म्हणजे निव्वळ अडगळ उरली. हाताने काम रेटण्याचे प्रयत्न झाले, पण हाताने काम करण्याची घडी मोडून बराच काळ लोटला होता.

यातला बोधप्रद भाग पुढेच आहे. मर्स्कच्या जाळ्यातली कोणाला कोठे प्रवेश द्यायचा ही नोंद ठेवणारे सर्व्हर जगभर अनेक होते, आणि ते एकमेकांशी सतत ताळमेळ राखत, एकमेकांच्या प्रती बनून राहत असत. त्यामुळे घाला पडला तेव्हा ते सारे एकदमच गेले. वाचला तो फक्त घाना देशातला एक, आणि तोही कोणाच्या दूरदृष्टीमुळे नव्हे, तर ऐन वेळी तिकडची लाईट गेली असल्यामुळे! महावितरणच्या कृपेने लाईट जाण्याचा सराव असलेल्या कोकणी माणसाला हा योगायोग वाचून जे स्मित येईल, ते मला अक्षरशः दिसते आहे. प्रती अनेक असल्या तरी साक्षीदार एकच होता, हे या प्रकरणातले इंगित. कुलाबा आणि अलिबाग यांची गोष्ट याच्या उलट होती: तेथे एकाची प्रत दुसऱ्याकडे नव्हती, दोघे स्वतंत्रपणे पाहत होते, आणि म्हणूनच एकाची चूक दुसऱ्याला पकडता येत होती. रात्रीतून माहिती हलवून तिची प्रत काढून ठेवणारे आम्ही लोक ही दुसरी, स्वतंत्र नजर बाळगण्याचा खर्च वाचवतो आणि त्याला कार्यक्षमता असे नाव देतो.

सरकारला नावे ठेवण्याचा आमच्या धंद्यात प्रघात असला, तरी न्यायाने सांगितले पाहिजे की हे तत्त्व आमच्याहून महसूल खात्याला अधिक उमगलेले दिसले. सातबाराचे उतारे संगणकावर चढवताना खातेदारांची नावे, क्षेत्र, हिस्से यांत चुका शिरल्या, तेव्हा २०१७ सालीच राज्यात चावडीवाचनाची मोहीम झाली. गावकऱ्यांना जमवून संगणकीकृत सातबारा मोठ्याने वाचायचा, आणि ज्याची जमीन त्याने हरकत घ्यायची. तलाठ्याने वाचावे आणि कोणी म्हाताऱ्याने मध्येच थांबवून आपल्या चुलत्याचे नाव गळल्याचे निदर्शनास आणावे, याहून उत्तम चाचणी कोणत्या सॉफ्टवेअर कंपनीने घेतली असेल असे मला वाटत नाही. गावाची स्मृती हा येथे दुसरा साक्षीदार होता, आणि त्याला बोलण्याची मुभा देण्यात आली होती. मोहीम सर्वत्र सारख्या कसोशीने झाली असेल असा माझा दावा नाही. पण कल्पना बिनतोड होती.

दुर्दैव असे की हा विवेक पुढच्या प्रत्येक योजनेच्या वेळी नव्याने विसरला जातो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले, आणि मुरूड-श्रीवर्धनकडच्या कित्येक गावांत विजेचे खांब आडवे होऊन आठवडेच्या आठवडे अंधार राहिला. मोबाइलचे टॉवर मुके झाले. मुंबईतल्या चाकरमान्यांना गावचे आईबाप सुखरूप आहेत की नाहीत हे कळेना. ज्यांच्याकडे रोख होती त्यांचाच बाजार झाला. बागाईतदारांच्या नारळी-पोफळी भुईसपाट झाल्या होत्या, आणि नुकसानीचा पंचनामा हा शेवटी प्रत्यक्ष वाडीत जाऊन झाडे मोजणाऱ्या माणसाच्या कागदावरच अवलंबून होता. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट २०२१ पासून, आपल्या शेतातल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करण्याची ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली. शेतकऱ्याच्या हाती नोंद देण्याचा हेतू स्तुत्य आहे, त्याविषयी माझी तक्रार नाही. माझे म्हणणे इतकेच, की अशा प्रत्येक नव्या व्यवस्थेबरोबर जुनी व्यवस्था काही काळ खरोखरीच चालू राहावी, आणि नुसती चालू न राहता तिच्या नोंदी नव्याशी ताडून पाहिल्या जाव्यात. शिधावाटपाच्या दुकानातले अंगठा मागणारे यंत्र असो, नगरपालिकेची घरपट्टी असो, की एखाद्या सहकारी पतपेढीचे खाते असो, हाच नियम असावा.

यावर खर्चाचा आक्षेप येईल, आणि तो गैर नाही. दोन दप्तरे सांभाळायची म्हणजे दुप्पट श्रम, आणि आमच्या कंपन्यांना तर दरमहा जुन्या सर्व्हरचे भाडे डोळ्यांत खुपते. परंतु १९०४ साली दोन वेधशाळा चालवण्याचा भार, ज्या सरकारला लोकहिताचा फारसा पान्हा फुटत नसे, अशा परक्या सरकारने उचललाच होता. आज सरकारी कामाच्या निविदा निघतात तेव्हा त्यांत प्रणाली कोणत्या तारखेला सुरू करायची, विलंबाबद्दल दंड किती, याची कलमे काटेकोरपणे घातली जातात. जुनी नोंद नव्याबरोबर किती महिने चालेल, त्या दोहोंतील तफावतीचा अहवाल कोणी द्यायचा आणि तो गावच्या चावडीवर कधी लावायचा, असे आणखी एक कलम तेथे का नसावे, याचे कारण संबंधित खात्यांनी एकदा जाहीर करावे. आणि ते कारण निव्वळ पैशाचे असेल, तर तो आकडाही त्याबरोबरच सांगावा.