वारकरी कुठल्या कपाटात?

विद्यापीठाच्या ग्रंथालयात वारकरी संप्रदाय शोधायला गेलात, तर एकाच कपाटापाशी थांबू नका. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्युई वर्गीकरणात 220 ते 280 हे आकडे बायबल आणि ख्रिस्ती धर्माने व्यापलेले; हिंदू धर्माला 294.5 एवढीच जागा. शिवाय तुकोबांची गाथा मराठी काव्य म्हणून 891.46 मध्ये जाऊ शकते आणि वारीवरचा प्रबंध समाजशास्त्रात. भक्ती की काव्य, हा वाद कॅटलॉगने परस्पर मिटवलेला! म्हणून नुसत्या शीर्षकावर विसंबू नये. एका चांगल्या पुस्तकाची नोंद उघडावी आणि तिथली विषयशीर्षके घेऊन पुन्हा शोधावे. इंग्रजी लेखांसाठी जेस्टोर आणि अ‍ॅटला हे ऑनलाइन लेखसंग्रह आहेतच. मराठी नियतकालिकांतले जुने लेख मात्र तिथे क्वचितच सापडतात. त्यांच्यासाठी ग्रंथपालांनाच गाठा.