डोळ्यांसाठी चष्मा की चष्म्यासाठी डोळे?

गेल्या वैशाखात एका लग्नाच्या निमित्ताने अंत्रुज महालातील एका देवस्थानात जाण्याचा आम्हांस योग आला. सभामंडपात मंगलाष्टके चालू होती आणि वऱ्हाडातील निम्म्याअधिक तरुण मंडळींच्या कपाळावर काळे चष्मे चढवलेले होते. देवळाच्या आत ऊन नव्हते हे सांगावयास नकोच. त्यांतील एका सुविद्य तरुणाने आम्हांस आपला चष्मा मोठ्या कौतुकाने हाती दिला. किंमत अठ्ठावीस हजार रुपये. आणि तीही बारा हप्त्यांनी फेडावयाची. आमच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य त्याने ओळखले असावे. तो म्हणाला, "काका, डोळे माणसाला एकदाच मिळतात. त्यांच्या बाबतीत काटकसर करून कसे चालेल?"

थोड्या वेळाने पंगत बसली. आमच्या शेजारचे पान त्याच तरुणाच्या मामांचे होते. त्यांचा सारा जन्म मिठागरात गेलेला. दोन्ही डोळ्यांत नाकाच्या बाजूने मांसाचा पडदा वाढून बुबुळावर सरकला होता, आणि समईच्या उजेडातही ते डोळे बारीक करूनच पाहत होते. त्यांनी कधी काळा चष्मा वापरला होता काय, असे आम्ही विचारले. ते हसले आणि म्हणाले, "ती श्रीमंतांची चैन. आम्हांला कुठली परवडणार?"

एकाच घरातील ही दोन वाक्ये तेव्हापासून आमच्या मनातून जात नाहीत. वरवर पाहता ती परस्परविरुद्ध आहेत. परंतु त्यांचा उगम एकाच समजुतीत आहे. डोळ्यांचे रक्षण ही महागडी वस्तू आहे, आणि जितकी किंमत अधिक तितके रक्षण अधिक, असे भाचाही मानतो व मामाही मानतात. या समजुतीपायी भाच्याने वर्षभराची बचत घालवली. मामांनी डोळे घालवले. ही समजूत धादांत खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे मोठ्याने सांगण्याची वेळ आली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. सूर्यप्रकाशातील जो भाग डोळ्यांस अपाय करतो त्यास अतिनील किरण म्हणतात. हे किरण आपणांस दिसत नाहीत. जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या या किरणांची तरंगलांबी सुमारे 280 ते 400 नॅनोमीटरच्या दरम्यान असते. वर्षानुवर्षे ते डोळ्यांवर पडत राहिले म्हणजे बुबुळावर मांस वाढते, आणि मोतीबिंदूसही त्यांचा हातभार लागतो. ऊन केवळ आकाशातून येते असेही नाही. कोरडी वाळू या किरणांपैकी सुमारे 15 टक्के किरण परत फेकते, समुद्राचा फेस सुमारे 25 टक्के, आणि ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत. टोपी वा छत्री वरून येणारे ऊन अडवील. खालून उसळणाऱ्या उन्हास ती काय करणार?

म्हणून चष्म्याने करावयाचे मुख्य काम एकच: 400 नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवणे. बाजारात ज्यास 'यूव्ही 400' म्हणतात ते हेच. आता या कामास खर्च किती येतो? पॉलीकार्बोनेट नावाचे प्लास्टिक हे किरण जवळजवळ सर्वच्या सर्व स्वभावतःच अडवते. इतर प्लास्टिकच्या भिंगांत किरण शोषून घेणारे द्रव्य मिसळता येते, आणि ते द्रव्य काही केशरासारखे दुर्मिळ नाही. आजच्या बाजारात हजार-दीड हजार रुपयांत, शोधल्यास त्याहूनही कमी किमतीत, हे काम चोख करणारा चष्मा मिळतो. जेथे शंभरातील जवळजवळ शंभर किरण अडवले गेले तेथे आणखी सत्तावीस हजार रुपये ओतून अडवावयाचे उरते तरी काय?

येथे महागड्या चष्म्याचा कैवारी म्हणेल, "मग जत्रेतल्या फेरीवाल्याकडचा दोनशे रुपयांचा चष्मा घ्यावा काय?" प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर आम्ही टाळणार नाही. परीक्षेवाचून घेऊ नये. काचेचा काळेपणा आणि अतिनील किरणांपासूनचे रक्षण या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. काळी काच केवळ दिसणारा उजेड कमी करते. उजेड कमी झाला की डोळ्याची बाहुली रुंदावते. आणि त्या काचेत अतिनील किरण अडवण्याची शक्ती नसेल तर रुंदावलेल्या दारातून ते आत शिरू शकतात. उलटपक्षी संपूर्ण पारदर्शक भिंगही हे किरण पूर्णपणे अडवू शकते. म्हणजे डोळ्यांनी पाहून, हाताने चाचपून वा किमतीची चिठ्ठी वाचून ही गोष्ट कळणार नाही. चिकटवलेल्या कागदावर विश्वास ठेवण्याचेही कारण नाही. कागद कोणीही छापतो, आणि नामांकित कंपन्यांची खोटी नावे तर प्रत्येक जत्रेत ढिगाने विकली जातात. मात्र चष्मेवाल्यांच्या दुकानांत हे किरण मोजणारे छोटे यंत्र असते आणि त्यावर क्षणभरात निकाल लागतो. दोनशेचा चष्मा त्या परीक्षेत उतरला तर तो रक्षणापुरता चांगला. अठ्ठावीस हजारांचा न उतरला तर तो वाईट. यंत्रास किंमत वाचता येत नाही, हाच त्याचा मोठा गुण होय.

काळेपणाचेही माप ठरलेले आहे. आंतरराष्ट्रीय मानकात 0 ते 4 असे पाच वर्ग केलेले असून पुष्कळ चष्म्यांच्या काडीवर आतल्या बाजूस तो आकडा असतो. आपल्याकडील कडक उन्हास तिसरा वर्ग पुरतो. त्यातून 8 ते 18 टक्के उजेड आत येतो. चौथा वर्ग इतका काळा की तो लावून वाहन चालवू नये असा दंडक आहे. पैसे अधिक देतो म्हणून अधिक काळा द्या, असे म्हणणारे गिऱ्हाईक स्वतःच्या पैशांनी अपघात विकत घेते.

न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की, अधिक किमतीत काहीच मिळत नाही असे नाही. अगदी टाकाऊ चष्म्याच्या भिंगातून सरळ रेघ वाकडी दिसते आणि तासाभरात कपाळ दुखू लागते. बरी चौकट नाकाकानांस रुतत नाही, तिच्या बिजागऱ्या टिकतात, मोडल्यास दुरुस्त होतात. पाण्यावरची वा डांबरी रस्त्यावरची तिरीप मारणारे पोलराइज्ड भिंग होडीवाल्यास आणि वाहन चालवणारास खरोखर उपयोगी पडते. एडविन लँड या अमेरिकन संशोधकाने 1929 साली त्याची युक्ती काढली, आणि आज ते माफक किमतीत मिळते. या सर्वांसाठी दोन हजार, फार तर तीन-चार हजार रुपये खर्चणारास आम्ही उधळ्या म्हणणार नाही. त्यापुढची पायरी मात्र डोळ्यांच्या कामाची राहत नाही. तेथून नावाची किंमत सुरू होते.

आणि हे नाव तरी कोणाचे? इटलीच्या उत्तरेस डोंगरात आगोर्दो नावाचे एक लहानसे गाव आहे. मिलानच्या अनाथाश्रमात वाढलेल्या लिओनार्दो देल व्हेकियो या गृहस्थाने 1961 साली तेथे लक्झॉटिका नावाचा कारखाना काढला. त्याच्या कर्तृत्वास आमचा नमस्कार असो. 2022 साली तो वारला तेव्हा जगातील मोठ्या धनिकांत त्याची गणना होत होती. प्राडा, शानेल, व्हर्साची, बर्बेरी ही नावे ज्या चष्म्यांवर झळकतात ते चष्मे त्या त्या घराण्यांच्या परवान्याने हीच एक कंपनी घडवते. घराणी नाव भाड्याने देतात, कारखाना चष्मा घडवतो, आणि नावाचे भाडे गिऱ्हाईक भरते. अमेरिकन वैमानिकांसाठी 1937 साली निघालेला रे-बॅन 1999 साली याच कंपनीने विकत घेतला. ओकली या प्रतिस्पर्धी कंपनीशी किमतींवरून तिचे बिनसले तेव्हा तिने आपल्या दुकानांतून ओकलीचा माल कमी केला. पुढे 2007 साली ती कंपनीही तिने घेतली. 2018 साली भिंगे बनवणाऱ्या फ्रान्सच्या एसिलॉरशी तिचे एकीकरण झाले. म्हणजे एका दुकानात दहा नावांतून आपण निवड करतो असे गिऱ्हाइकास वाटते, तेव्हा पुष्कळदा ते एकाच धन्याच्या खिशांतून निवड करीत असते.

घडवण्याचा खर्च किती? अमेरिकेतील लेन्सक्राफ्टर्स या चष्म्यांच्या मोठ्या दुकानमालिकेचे संस्थापक डीन बटलर यांनी 2019 साली लॉस एंजेलिस टाइम्स या पत्रास जे सांगितले त्याचा आशय असा की, प्राडाच्या तोडीची चौकट कारखान्यातून पंधरा डॉलरच्या आसपास मिळू शकते. हा माणूस या धंद्यात जन्म घालवलेला आहे. त्याच्या साक्षीनंतर आमच्या साक्षीची गरज नाही.

यावर शेवटचा युक्तिवाद येतो: "पैसा आमचा, हौस आमची, तुम्हांस काय त्याचे?" हौसेस आमचा विरोध नाही. देवीस शालू नेसवणारा आणि पालखीस चांदीचा पत्रा चढवणारा समाज हौसेचा वैरी कसा असेल? पण हौसेने स्वतःस हौस म्हणवून घ्यावे. अठ्ठावीस हजारांचा दागिना मी मिरवण्यासाठी घेतला, असे जो स्वच्छ सांगेल त्याच्याशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते 'डोळ्यांसाठी घेतला' या बतावणीशी. कारण ती बतावणी निरुपद्रवी नाही. ती ऐकूनच मिठागरातील मामा मनाशी म्हणतात, हे आपले काम नव्हे. चैनीने आरोग्याचा वेष घेतला की आरोग्यच गरिबास चैन वाटू लागते.

परंतु सगळा दोष तरुणांच्या माथी मारून आम्हां वडीलधाऱ्यांस मोकळे होता येणार नाही. काळा चष्मा म्हणजे थेर, तो लावणारा म्हणजे टवाळ, असे आम्हीच घरोघर वर्षानुवर्षे म्हणत आलो. रापण ओढणारा, शेतात राबणारा, पणजीच्या भर उन्हात भाडे नेणारा मोटारसायकल पायलट, इंदूर-ग्वाल्हेरच्या वैशाखात हातगाडी ढकलणारा, यांपैकी एकाने गॉगल लावला तर "साहेब झाला काय?" असे आम्हीच हिणवले. ज्यास त्याची सर्वाधिक गरज होती त्याच्या नाकावरून तो आमच्या उपहासाने उतरवला, आणि ज्यास गरज नव्हती त्याच्या कपाळावर तो सभामंडपात विराजमान झाला. या पापाचे वाटेकरी आम्हीही आहोत.

आपल्याकडे डोळ्यांचा विकार झाला म्हणजे देवीस चांदीचे डोळे वाहण्याचा नवस बोलतात. ती श्रद्धा आम्हांस पूज्य आहे आणि ती तशीच राहावी. पण देवस्थानांच्या समित्यांपुढे आम्ही एक साधी सूचना ठेवतो. जत्रेच्या दिवशी मंडपाच्या एका कोपऱ्यात गावातील एखाद्या चष्मेवाल्यास यंत्र घेऊन बसवावे; ज्याला वाटेल त्याने आपला चष्मा, दोनशेचा असो की तीस हजारांचा, तपासून घ्यावा. आणि ज्या यजमानांस देवीपुढे नेत्रांचे दान करण्याची इच्छा होईल त्यांनी चांदीच्या डोळ्यांबरोबर परीक्षेत उतरलेले चार चष्मेही ठेवावेत. ते त्याच गावच्या मिठागरात, रापणीवर वा शेतात पोहोचवावेत. एका अठ्ठावीस हजारी चष्म्याच्या किमतीत हजार रुपयांचे अठ्ठावीस चष्मे येतात. अठ्ठावीस माणसे म्हणजे आपल्याकडील एखाद्या लहान मिठागराची सगळी मंडळी.

त्या मामांच्या डोळ्यांवरील मांस शस्त्रक्रियेने काढता येते, तरी ते पुन्हा वाढण्याचा संभव असतोच. म्हणून आता तरी त्यांनी चष्मा लावला पाहिजे. तसे आम्ही भाच्यास सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "हाच देऊन टाकू काय त्यांना?" आम्ही म्हटले, "नको. हप्ते फेडावयाचे आहेत तोवर तू वापर. त्यांच्यासाठी हजाराचा आण, पण तपासून आण. आणि लावायला लाजू नका, एवढे मात्र त्यांना तू स्वतः सांग."