एक हजार वॉनची न्याहारी

मार्चचा पहिला आठवडा. कोरियातल्या विद्यापीठांचं वर्ष याच सुमाराला सुरू होतं आणि सोलमध्ये सकाळी अजून बोटं आखडवणारी थंडी असते. एका सेमिस्टरसाठी आलेली विद्यार्थिनी, मग ती पुण्याची असो की पॅरिसची, कॅन्टीनच्या दारातल्या यंत्रासमोर उभी राहते. पडद्यावर पदार्थांची चित्रं, खाली कोरियन अक्षरं आणि पाठीमागे वाढत जाणारी रांग. अंदाजाने एका चित्रावर बोट टेकवलं, कार्ड लावलं की चिठ्ठी बाहेर येते. पुढे खणांचं स्टीलचं ताट हातात पडतं. डावीकडच्या मोठ्या खणात भात, उजवीकडच्या मोठ्या खणात वाफाळतं सूप आणि वरच्या लहान खणांत किमची, मोड आलेल्या सोयाबीनची भाजी, एखादा अंड्याचा पदार्थ. भाताची आणि सुपाची जागा सहसा बदलत नाही. ताटाला डावी-उजवी बाजू असते, हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

या जेवणाला तिथली मुलं ‘हाक्शिक’ म्हणतात, म्हणजे विद्यार्थ्यांचं जेवण. बाहेरच्या हॉटेलापेक्षा ते स्वस्त असतं. बहुतेक ठिकाणी पाच ते सात हजार वॉनमध्ये, म्हणजे साधारण तीनशे ते साडेचारशे रुपयांत पोट भरतं. तिथे तासाभराच्या कामाची किमान मजुरी २०२५मध्ये १०,०३० वॉन झाली. म्हणजे तासभर राबणाऱ्या विद्यार्थ्याच्या एका वेळच्या जेवणाची सोय होऊन वर काही उरतं. परदेशातून आलेल्यांना मात्र असं काम करायला आधी परवानगी काढावी लागते. घरून आलेल्या पैशांवर महिना काढायचा असल्यामुळे हा हिशेब त्यांना पहिल्याच आठवड्यात पाठ होतो.

कोरियाची ओळख आज जगाला गाणी, मालिका आणि मोबाइल यांतून होते. सेमिस्टरभर राहून आलेल्या मुलांना मात्र तो देश कळतो तो ताटातून. भेटल्यावर ‘कसा आहेस?’ ऐवजी कितीतरी वेळा ‘बाप मोगॉस्सॉ?’ असं विचारलं जातं. ‘बाप’ म्हणजे शिजवलेला भात, आणि जेवण म्हणजेही ‘बाप’च. आपल्याकडे ‘भाकरतुकडा खाल्लास का?’ म्हणताना प्रश्न फक्त भाकरीचा नसतो, तसंच हे. कुटुंबासाठी असलेला त्यांचा ‘शिक्कू’ हा एक शब्दही लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याची फोड केली तर होते ‘खाणारी तोंडं’. आपण ‘घरात खाणारी तोंडं किती’ असं म्हणतो तेव्हा त्यात ओझ्याची छटा असते. कोरियन माणूस तोच शब्द मायेने उच्चारतो, कारण जे एकत्र जेवतात ते घरचे.

या मायेची एक रीत कॅम्पसवर आजही पाळली जाते. नव्या वर्षी आलेली मुलं वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याला बिनदिक्कत सांगतात, ‘मला जेवायला घाला.’ वरच्या वर्गातला तो ‘सनबे’, नवखा तो ‘हुबे’. जेवणाची वेळ ठरते आणि पैसे सनबे देतो. परतफेड त्याला करायची नसते. पुढच्या वर्षी येणाऱ्या हुबेला जेवू घातलं की झालं. अनेक विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्याला एक स्थानिक सोबतीही नेमून देतात. त्याच्याबरोबरचं पहिलं जेवण हेच त्या नवख्याचं खरं स्वागत असतं. चपट्या, निसरड्या धातूच्या चॉपस्टिक कशा धरायच्या, भात चमच्याने खायचा, वाटी तोंडाशी उचलायची नाही, टेबलावरच्या सगळ्यांत मोठ्या माणसाने पहिला घास घेईपर्यंत थांबायचं, हे सगळं तिथेच शिकून होतं.

जेवणाची इतकी चौकशी करणाऱ्या समाजाच्या पाठीशी भुकेचा इतिहास आहे. गेल्या हंगामाचा तांदूळ संपलेला आणि बार्ली अजून शेतात उभी, अशा वसंतातल्या उपासमारीच्या दिवसांना कोरियन भाषेत ‘बोरित्कोगे’ म्हणतात, बार्लीचा घाट. १९५०-५३च्या युद्धानंतरही हा घाट दरवर्षी चढावा लागत होता. १९७०च्या दशकात तांदूळ वाचवण्यासाठी शाळेत शिक्षक मुलांचे डबे उघडून बघत. भातात बार्ली मिसळलेली नसेल तर बोलणी बसत. आज आजी-आजोबा झालेली ती पिढी नातवंडांना ‘जेवलास का?’ विचारते, तेव्हा तो नुसता शिष्टाचार नसतो.

पुढे चित्र उलटं झालं. १९७०मध्ये दक्षिण कोरियात माणशी वर्षाला १३६.४ किलो तांदूळ लागत होता. २०२४मध्ये तो आकडा ५५.८ किलोवर आला. तरुण मुलं पाव, नूडल्स, कॉफी यांवर दिवस काढू लागली आणि सकाळचं जेवण तर सर्रास बुडू लागलं. एकीकडे गोदामात तांदूळ आणि दुसरीकडे उपाशीपोटी वर्गात बसणारी मुलं. या दोन टोकांची गाठ ज्या योजनेने घातली, तिची माहिती महाराष्ट्रातल्या प्रत्येक कुलगुरूंना असायला हवी.

सोल राष्ट्रीय विद्यापीठाने २०१५मध्ये विद्यार्थ्यांना एक हजार वॉनमध्ये, म्हणजे साठ-पासष्ट रुपयांत, सकाळचं पूर्ण जेवण द्यायला सुरुवात केली. भात, सूप, किमची आणि सोबत एक-दोन पदार्थ. ही कल्पना सरकारने २०१७मध्ये उचलली. ती उचलली शेती आणि अन्न मंत्रालयाने, शिक्षण मंत्रालयाने नव्हे, कारण त्यात तांदळाच्या खपाचाही विचार होता. रचना अगदी सोपी आहे. एक हजार वॉन विद्यार्थी देतो, एक वाटा सरकार देतं आणि उरलेला खर्च विद्यापीठ सोसतं. सरकारचा वाटा आधी एक हजार वॉन होता, २०२४पासून तो दोन हजार झाला. महागाई भडकलेल्या २०२३च्या वसंतात या न्याहारीसाठी इतक्या रांगा लागल्या की सरकारला निधी वाढवावा लागला आणि योजनेतल्या विद्यापीठांची संख्या शंभराच्या पुढे गेली. त्याच मार्च-एप्रिलमध्ये सत्ताधारी पक्षाचे प्रमुख किम गी-ह्यन आणि विरोधी पक्षाचे प्रमुख ली जे-म्योंग हे दोघंही वेगवेगळ्या विद्यापीठांत जाऊन विद्यार्थ्यांसोबत हीच न्याहारी करून आले. मतांसाठी का होईना, एका देशाचं राजकारण कॉलेजच्या मुलांच्या न्याहारीपर्यंत पोहोचलं, ही चांगलीच गोष्ट म्हणायची.

तिथल्या राजकारणाला ताटाचं वजन आधीपासून ठाऊक होतं. सोलमधल्या शाळांत सगळ्याच मुलांना मोफत जेवण द्यायचं की फक्त गरिबांच्या मुलांना, यावर २०११मध्ये महापौर ओ से-हून यांनी सार्वमत घेतलं. मोफत जेवण सरसकट नको, अशी त्यांची भूमिका होती. सार्वमत वैध ठरायला एक तृतीयांश मतदान लागत होतं, झालं २५.७ टक्के. मतपेट्या उघडल्याच गेल्या नाहीत आणि महापौरांनी राजीनामा दिला. सरसकट जेवणाच्या बाजूचा मुद्दा साधा होता: गरीब म्हणून वेगळ्या रांगेत उभं राहायला लागलं तर मूल जेवण सोडेल, पण रांगेत उभं राहणार नाही. हजार वॉनच्या न्याहारीतही हेच तत्त्व आहे. उत्पन्नाचा दाखला मागितला जात नाही, विद्यार्थी असल्याचं ओळखपत्र पुरतं.

योजनेत उणिवा आहेत आणि त्या झाकून ठेवण्याचं कारण नाही. ताटांची संख्या रोज ठरलेली असते, त्यामुळे उशिरा येणाऱ्याच्या नशिबी रिकामी खिडकी येते. माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांवर उभी असलेली श्रीमंत विद्यापीठं आपला वाटा सहज उचलतात. प्रांतातल्या लहान कॉलेजांना तो जड जातो, आणि गरजू मुलं तर तिथेच जास्त असतात. शिवाय सकाळ भागली तरी दुपार आणि रात्र उरतेच.

ती रात्र अनेकांची कोपऱ्यावरच्या दुकानात जाते. चोवीस तास उघडी असणारी ही लहान दुकानं देशभरात पन्नास हजारांहून अधिक आहेत. समुद्री शेवाळात गुंडाळलेला भाताचा त्रिकोण, कागदी वाटीतलं राम्यॉन म्हणजे झटपट नूडल्स, उभ्याउभ्या खाण्यासाठी खिडकीशी एक अरुंद फळी. स्वस्तात राहायचं म्हणून काही जण ‘गोशिवॉन’मध्ये खोली घेतात, एक पलंग आणि एक टेबल मावेल एवढीच ती असते. पण तिथेही सामायिक स्वयंपाकघरात भाताचा कुकर भरलेला असतो, किमची असते, बऱ्याच ठिकाणी राम्यॉनची पाकिटंही असतात आणि ती भाड्यातच येतात. एकट्याने जेवण्याला आता ‘होन्बाप’ असा शब्दही रुळला आहे. एकत्र जेवणाऱ्यांना घरचे म्हणणाऱ्या भाषेला हा शब्द घडवावा लागला, यातून तिथल्या तरुणांवरचा ताण दिसतो.

शाकाहारी विद्यार्थ्याची परीक्षा आणखी कठीण असते, आणि महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी हे निघण्याआधीच समजून घ्यावं. भाज्या, टोफू, शेवाळ, तीळ यांची त्या स्वयंपाकात रेलचेल आहे. अडचण दिसत नाही तिथे असते. सूप बहुधा सुकवलेल्या मासळीच्या पाण्यात उकळलेलं असतं आणि किमचीत खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा अर्क असतो. ‘मांस काढून द्या’ असं सांगितलं तर वरचे तुकडे निघतात, रस्सा तोच राहतो. गंमत म्हणजे याच देशात बौद्ध मठांची शेकडो वर्षं जुनी शाकाहारी पाकपरंपरा आहे. तीत मांस-मासळी तर नसतेच, पण कांदा-लसूणही वर्ज्य असतो. आपल्याकडच्या कांदा-लसूण न खाणाऱ्या घरात ते ताट चालून जाईल. ही परंपरा विद्यापीठाच्या कॅन्टीनपर्यंत फारशी पोहोचलेली नाही. कोरियाने २०२७पर्यंत तीन लाख परदेशी विद्यार्थी आणण्याचं उद्दिष्ट २०२३मध्ये जाहीर केलं आणि २०२४मध्ये त्यांची संख्या दोन लाखांवर गेलीही. इतक्यांना बोलवायचं, तर प्रत्येक पदार्थात काय आहे हे यंत्राच्या पडद्यावर स्पष्ट लिहिणं हे यजमानाचं किमान कर्तव्य आहे.

विद्यार्थ्यांना जेवू घालणं हे तिथे नुसतं सरकारचं काम उरलेलं नाही, हे सांगायला एक बर्गरवाला पुरेसा आहे. कोरिया विद्यापीठाजवळच्या आनाम भागात ली योंग-चॉल यांनी २०००च्या सुमाराला हातगाडीवर एक हजार वॉनला बर्गर विकायला सुरुवात केली. साहित्य महागलं तरी त्यांनी वर्षानुवर्षं किंमत वाढवली नाही. गाडीचं दुकान झालं, तेव्हा त्यांनी त्याच विद्यापीठाला दरवर्षी दोन कोटी वॉन शिष्यवृत्तीसाठी द्यायला सुरुवात केली. २०१५मध्ये धंदा बसला आणि दुकान बंद पडलं. मग विद्यार्थ्यांनी इंटरनेटवरून वर्गणी काढली. आजी-माजी मिळून दोन हजारांवर लोकांनी पैसे पाठवले आणि दुकान पुन्हा उघडलं. ज्यांनी त्याच्या हातचं खाल्लं होतं, त्यांनी त्याला उभं केलं.

जेवण संपलं की ताट परत द्यायची खिडकी असते. उरलंसुरलं आपल्या हाताने वेगळ्या पिंपात टाकायचं, चमचा आणि चॉपस्टिक पाण्याच्या टोपात सोडायच्या, ताट सरकत्या पट्ट्यावर ठेवायचं. प्राध्यापकही याच रांगेत असतात. खरकटं जमिनीत गाडायला तिथे २००५पासून बंदी आहे आणि २०१३पासून घरोघरी जितकं खरकटं, तितके पैसे मोजावे लागतात. महिनाभरात परदेशी विद्यार्थीही वाढून घेताना हात आखडता घेऊ लागतो.

हे सगळं पाहून परतलेल्या मुलांना इथलं कॅम्पस नव्याने दिसत असणार. विद्यार्थ्याचं पोट ही समाजाची जबाबदारी आहे, हे महाराष्ट्राला कोरियाने शिकवण्याची गरज नाही. गरीब मुलं वार लावून जेवत आणि शिकत, ही पुण्याची जुनी रीत होती. तिला जातीची चौकट होती. ती चौकट मोडून कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवलं, आणि त्या मुलांच्या ताटात अन्न पडावं म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिलं. सरकारने २०२०मध्ये दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू केली, तेव्हा तिच्याही मागे हीच जाण होती. पण शाळेतला पोषण आहार आठवीला थांबतो. त्यानंतर गावाकडून पहाटेची एसटी पकडून कॉलेजला येणारी मुलगी सकाळी काय खाऊन निघाली, हे कोणीच विचारत नाही. वसतिगृहातला मुलगा एका वेळच्या डब्यावर दोन वेळा भागवतो, हे सगळ्यांना माहीत असतं.

कोरियातही सुरुवात देशभर झाली नव्हती, एका विद्यापीठाच्या कॅन्टीनमधून झाली. येत्या जूनमध्ये कॉलेजं उघडतील, तेव्हा राज्यातल्या एका विद्यापीठाने तरी आपल्या एका कॅन्टीनमध्ये सकाळी आठ ते साडेनऊ दहा रुपयांत भाजी-भाकरी, उसळ किंवा पोटभर पोहे द्यावेत. दहा रुपये विद्यार्थ्याचे, एक वाटा सरकारचा, उरलेला विद्यापीठाचा. उत्पन्नाचा दाखला मात्र मागू नये.